हाकेला ओ : संगणकांच्या क्षेमकुशलाचा इतिहास

१९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील दूरध्वनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरातून फोन येई आणि पलीकडचा माणूस शांतपणे सांगे, की खंडाच्या दुसऱ्या टोकाला, अमुक दोन ठिकाणांमधली तुमची तार बिघडली आहे. त्या ठिकाणी राहणाऱ्या कोणाचीच तक्रार आलेली नसे. हजारो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला हे कसे कळले, यावर कंपनीचे लोक आधी विश्वासच ठेवत नसत. तपासणी केली की तार खरोखर बिघडलेली निघे.

फोन करणारी माणसे ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीची होती. १९६९ च्या अखेरीस चार केंद्रांनिशी उभे राहिलेले आर्पानेट हे संगणकजाळे चालवण्याची जबाबदारी या कंपनीकडे होती. प्रत्येक केंद्रात तिने एक मध्यस्थ संगणक बसवला होता, त्याला ‘इम्प’ म्हणत. पॅकेट पुढे ढकलणे हे इम्पचे मुख्य काम. परंतु त्याखेरीज ठरावीक अंतराने आपल्या प्रकृतीचा आणि आपल्याला जोडलेल्या तारांचा अहवाल केंब्रिजच्या नियंत्रणकेंद्राकडे पाठवणे, हेही त्याला नेमून दिले होते. एकाच तारेची दोन्ही टोके स्वतंत्रपणे बोलत असल्यामुळे दोष कोणत्या बाजूला आहे याचा अदमास घरबसल्या येई. आणि एखाद्या इम्पचा अहवाल आलाच नाही, तर ते न येणे हीच बातमी ठरे.

आज आपण विद्यापीठाच्या, बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या सर्व्हरची स्थिती दाखवणारे एखादे पान उघडतो, त्यावर हिरव्या-लाल ठिपक्यांची ओळ दिसते, आणि हिरवा ठिपका पाहून आपण निर्धास्त होतो. त्या पानाची वंशावळ या फोनपर्यंत मागे जाते. मी व्यवसायाने कणभौतिकीचा संशोधक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही हा इतिहास लिहावासा वाटला, कारण तो मोजमापाचा इतिहास आहे. हिरवा ठिपका हे एका उपकरणाचे वाचन आहे. उपकरण म्हटले की ते नेमके काय मोजते, कोठून मोजते आणि कधी फसते, हे विचारणे ओघाने आलेच.

जुन्या मराठी पत्रांचा आरंभ आठवा. ‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द मायन्यानंतर हटकून येत, मग पुढच्याच ओळीत घरातल्या दुखण्याची हकीकत का असेना. यंत्राने स्वतःविषयी पाठवलेल्या अहवालाचेही असेच होते, आणि याचा धडा आर्पानेटला लवकरच मिळाला. हार्वर्ड येथील इम्पच्या स्मृतीत बिघाड झाला आणि त्याच्या अंतरांच्या कोष्टकात सगळीकडे शून्य वाचले जाऊ लागले. शेजाऱ्यांना तो तेच सांगत राहिला : माझ्यापासून प्रत्येक ठिकाण शून्य अंतरावर आहे. शेजाऱ्यांनी ते खरे मानले, पुढच्यांना सांगितले, आणि पाहता पाहता जाळ्यातील पॅकेटे हार्वर्डकडे धावू लागली. तेथे गेलेले पॅकेट परत येण्याचा प्रश्नच नव्हता. गंमत अशी, की आजारी यंत्राचा आजार हाच त्याच्या लोकप्रियतेचे कारण झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती मला स्वतःला भेटणार आहे.

यंत्र आपल्याविषयी काय सांगते ते ऐकण्याऐवजी बाहेरून त्याला हाक मारावी आणि ओ येते का ते पाहावे, हा दुसरा मार्ग. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस यांना जाळ्यातील एका विचित्र वर्तनाचा छडा लावायचा होता. इंटरनेटच्या नियमावलीत ‘प्रतिध्वनी’ मागण्याची सोय होतीच. तिचा उपयोग करून त्यांनी एका संध्याकाळीत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव ‘पिंग’ ठेवले. हाक गेली, ओ आली, मध्ये किती मिलिसेकंद लागले ते दिसले. ओ आली नाही तर तेही दिसले. जगातील बहुतेक प्रत्येक संगणकावर आज हा प्रोग्रॅम आहे, आणि नेट चालत नसले की जाणकार माणूस सर्वप्रथम तोच चालवून पाहतो.

परंतु पिंगला ओ देते कोण? संगणकाच्या प्रणालीचा अगदी गाभ्यातला भाग. डिस्क भरून वाहते आहे, डेटाबेस गोठला आहे, वेबसर्व्हर केव्हाच बंद पडला आहे, अशा अवस्थेतही तो गाभा इमानाने ओ देत राहू शकतो. गाढ झोपेतला माणूस हाकेला ‘हूं’ म्हणतो, तसेच हे. हुंकारावरून तो जिवंत आहे एवढे कळते. उठून दार उघडेल की नाही हे कळत नाही. उलट, काही ठिकाणी सुरक्षेसाठी पिंगचे उत्तर देणे मुद्दाम बंद केलेले असते. तेथे धडधाकट यंत्रही मृत भासते.

तिसरा मार्ग सर्वांत सरळ : ज्या वस्तूची चिंता आहे तिच्याकडेच डोळे लावून बसावे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये पंधराएक संशोधकांमागे कॉफीचे एकच यंत्र होते, ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर. जिने उतरून जावे आणि भांडे रिकामे निघावे, असा अनुभव दूर बसणाऱ्यांना वारंवार येई. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचे करडे, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे चित्र सगळ्यांच्या पडद्यावर पोहोचवले. चित्र मिनिटातून सुमारे तीन वेळा बदले. कॉफी काही त्याहून वेगाने भरत नसल्याने तेवढे पुरे होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आले आणि जगभरच्या लाखो लोकांनी ते पाहिले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. भांड्याचा लिलाव झाला, आणि जर्मनीतील ‘श्पीगल’च्या ऑनलाइन आवृत्तीने ते ३,३५० पौंडांना घेतले.

विनोद बाजूला ठेवला, तर वेबवरील स्थितिदर्शक पानाचे सारे घटक त्या चित्रात होते : दूरचे साधन, ठरावीक काळाने घेतलेले वाचन, कोणालाही कोठूनही उघडता येणारे पान. त्याची मर्यादाही होती. भांडे भरलेले दिसे. कॉफी दुपारची आहे की सकाळची, हे चित्रातून उमगत नसे.

पुढच्या काही वर्षांत या पानांवर आलेख आले. १९९४ च्या सुमारास टोबियास ओटिकर हे ज्या संस्थेत काम करीत होते, तिला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची वाहिनी होती आणि ती किती भरली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. त्यांनी ‘एमआरटीजी’ हा प्रोग्रॅम लिहिला. दर पाच मिनिटांनी तो राउटरमधील मोजणी वाचून वेबपानावर आलेख काढी. १९८८ पासून प्रमाणित झालेल्या ‘एसएनएमपी’ या संकेतामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच भाषेत प्रश्न विचारणे शक्य झाले होते, त्याचा येथे लाभ झाला. दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात अख्ख्या दिवसाची, अशी रचना त्यांनी केली. जागा वाचवण्याची ही युक्ती सुरेख आहे, पण प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला ती थोडी टोचते. वाहिनी तीस सेकंद पूर्ण तुंबली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर पाच मिनिटांच्या सरासरीत ती केवळ १० टक्के भरलेली दिसेल. ज्या तीस सेकंदांत कोणाचे तरी काम मोडले, ते आलेखात कोठेच नाहीत. सरासरीने शिखरे गिळली जातात, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातच शिकतो आणि दुसऱ्या वर्षी विसरतो.

१९९९ मध्ये एथन गॅलस्टॅड यांनी ‘नेटसेंट’ प्रसिद्ध केले. नावाच्या वादामुळे ते पुढे ‘नागिओस’ झाले. त्यातील दोन कल्पना मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक अशी, की एक चाचणी फसली म्हणून लगेच लाल दिवा लावू नये. ती पुन्हा पुन्हा करून पाहावी आणि ठरावीक वेळा फसली तरच माणसाला झोपेतून उठवावे. नव्या कणाचा शोध जाहीर करण्यापूर्वी आम्ही पाच सिग्मांची वाट पाहतो, त्याचाच हा घरगुती अवतार. दुसरी कल्पना उत्तरांच्या संख्येची. नागिओसमध्ये चाचणीची उत्तरे चार : ठीक, इशारा, गंभीर आणि अज्ञात. शून्य, एक, दोन, तीन या अंकांनी ती कळवली जातात. ‘अज्ञात’ला स्वतंत्र अंक देणे हा वरवर किरकोळ निर्णय आहे. त्याचे खरे मोल पुढे एका जागतिक प्रयोगात दिसले, आणि तेथे भारतीयांचा हात होता.

जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत लार्ज हॅड्रॉन कोलायडर उभा राहत असताना वर्षाला सुमारे १५ पेटाबाइट माहिती निर्माण होईल असा अंदाज होता. ती एका ठिकाणी साठवणे आणि तपासणे अशक्यप्राय होते. म्हणून जगभरच्या संगणककेंद्रांची एक ‘ग्रिड’ बांधण्यात आली. आज तिच्यात चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे आहेत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्र सीएमएस प्रयोगासाठी, तर कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील केंद्र अ‍ॅलिस प्रयोगासाठी काम करते. भारताच्या सहभागाची चर्चा निघाली की वर्तमानपत्रांत महासंवाहक चुंबकांचा आणि प्रचंड चुंबक अचूक तोलून धरणाऱ्या जॅकचा उल्लेख येतो. तो यावाच. परंतु सॉफ्टवेअरच्या वाट्याला त्या बातम्यांत एक ओळ क्वचित येते, आणि ते मला खटकते.

अणुऊर्जा विभाग आणि सर्न यांच्यातील सहकार्याखाली भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांनी ग्रिडसाठी जी सॉफ्टवेअरे लिहिली, त्यांत ‘ग्रिडव्ह्यू’ हे एक होते. कोणत्या केंद्राकडून कोणत्या केंद्राकडे किती माहिती वाहते आहे, किती कामे चालू आहेत आणि प्रत्येक केंद्राची प्रकृती कशी आहे, हे ते वेबपानावर दाखवी. प्रकृती ठरवण्यासाठी पिंगवर अवलंबून राहणे शक्यच नव्हते. त्यासाठी प्रत्येक केंद्राकडे खरीखुरी छोटी कामे पाठवली जात : ही फाइल साठवणीत ठेव, परत आण, प्रमाणपत्रे ताजी आहेत का ते सांग. दार उघडते का हे पाहण्यासाठी खरोखर दार वाजवणारा पाहुणा पाठवावा, तसे.

मग प्रश्न उरतो तो या शेकडो उत्तरांचा मेळ घालून ‘हे केंद्र चालू आहे’ असे केव्हा म्हणायचे हा. ग्रिडव्ह्यूचे तर्कशास्त्र समजण्यास सोपे आहे. एकाच प्रकारच्या सेवेचे तीन सर्व्हर असतील, तर त्यांपैकी एक चालला तरी ती सेवा चालू. मात्र गणना आणि साठवण अशा भिन्न सेवांपैकी एक जरी बंद असेल, तर केंद्र बंद. गणितात सांगायचे, तर आत ‘किंवा’ आणि बाहेर ‘आणि’. बाहेरचा ‘आणि’ निष्ठुर असतो : तीन स्वतंत्र सेवा प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालत असतील, तर तिन्ही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांवर येते. आधीच्या पद्धतीत तासातासाने घेतलेल्या नोंदींवरून स्थिती ठरे. नव्या पद्धतीत स्थिती ज्या क्षणी बदलली तो क्षणच नोंदला जाऊ लागला.

आणि ‘अज्ञात’ वेळेचे काय करायचे? समजा, तीस दिवसांचा महिना, म्हणजे ७२० तास. त्यात आधी जाहीर केलेली दुरुस्ती ४८ तास, अकस्मात बिघाड २४ तास, आणि चाचणीचे उत्तरच हाती नाही असे २० तास. चालू वेळ उरली ६२८ तास. अज्ञात वेळ चालू धरली, तर केंद्र ९० टक्के उपलब्ध. बंद धरली, तर ८७.२ टक्के. केंद्रप्रमुखाला पहिला आकडा आवडेल, तपासनीसाला दुसरा. ग्रिडने दोन्ही नाकारले. ज्याविषयी माहिती नाही तो वेळ छेदातूनच वगळला : ६२८ भागिले ७००, म्हणजे ८९.७ टक्के उपलब्धता. त्याखेरीज ‘विश्वासार्हता’ नावाचा निराळा आकडा ठरवला, ज्यात जाहीर दुरुस्तीचा वेळही वगळला जातो : ६२८ भागिले ६५२, म्हणजे ९६.३ टक्के. आधी सांगून बंद राहणे आणि न सांगता कोसळणे यांत फरक आहे, हे या दुसऱ्या आकड्याने मान्य केले. मात्र वगळण्याचीही एक किंमत असते. मोजणारी यंत्रणाच महिनाभर आजारी असेल, तर उरलेल्या मूठभर तासांवर अख्ख्या महिन्याचा आकडा ठरतो आणि तो दिसायला इतरांइतकाच अचूक दिसतो.

ग्रिडवरील या दुसऱ्या स्तराच्या केंद्रांकडून वर्षाला सरासरी ९५ टक्के उपलब्धतेची अपेक्षा होती. म्हणजे वर्षातून अठरा दिवस बंद राहण्याची मुभा. ऐकायला ती उदार वाटते, परंतु वीज, वातानुकूलन आणि समुद्राखालच्या केबल या तिन्हींचा भरवसा धरणाऱ्या केंद्राला ती पुरेलच असे नाही. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारताचे इंटरनेट कित्येक दिवस रखडले. अशा दिवशी जिनिव्हाहून पाहणाऱ्याला आपले यंत्र लाल दिसते, शेजारच्या खोलीतून पाहणाऱ्याला हिरवे. दोन्ही वाचने खरी असतात. निरीक्षक कोठे उभा आहे एवढाच भेद.

आता मला भेटलेली ती गोष्ट. पीएचडीच्या चौथ्या वर्षी, एका परिषदेसाठी आकडे द्यायला पाच दिवस उरले असताना, मी रात्री चारशे कामे एका दूरच्या केंद्राकडे पाठवली. पाठवण्यापूर्वी स्थितिदर्शक पान पाहिले होते. केंद्र हिरवे होते. सकाळी पाहतो तो साडेतीनशेहून अधिक कामे फसलेली, प्रत्येक काही सेकंदांत. केंद्रातल्या शेकडो यंत्रांपैकी एका यंत्राची स्थानिक डिस्क भरली होती. त्याच्याकडे काम गेले की ते तत्काळ कोसळे. कोसळले की यंत्र रिकामे होई. रिकामे यंत्र दिसले की वाटप करणारा प्रोग्रॅम त्याला पुढचे काम देई. निरोगी यंत्रे प्रत्येकी एक काम घेऊन तासन्‌तास राबत होती, आणि हे एकटे रात्रभर माझी कामे गिळत बसले होते. ग्रिडच्या बोलीत अशा यंत्राला ‘कृष्णविवर’ म्हणतात. हार्वर्डचा इम्प जणू चाळीस वर्षांनी पुन्हा आला होता, त्याच चालीने. केंद्राची चाचणी करणारे काम त्या रात्री नेमके एका निरोगी यंत्रावर उतरले होते. म्हणजे चाचणी खोटे बोलली नव्हती. मीच तिच्या उत्तराचा अर्थ वाढवून घेतला होता. पाचपैकी तीन दिवस गेले, आणि परिषदेत मी अर्ध्या सांख्यिकीवर बोललो.

मोठ्यांच्या घरीही हेच घडते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची ‘एस-थ्री’ ही साठवणसेवा अमेरिकेच्या पूर्वेकडील विभागात कोसळली आणि असंख्य संकेतस्थळे तिच्यासोबत बसली. कंपनीचे स्थितिदर्शक पान मात्र सुरुवातीचे जवळजवळ दोन तास सारे आलबेल असल्याचे दाखवत होते. कारण कंपनीनेच नंतर सांगितले : ते पान अद्ययावत करण्याची यंत्रणा त्याच एस-थ्रीवर अवलंबून होती. क्षेमपत्र लिहिणारा आणि आजारी माणूस एकच निघाला.

ग्रिडव्ह्यू पुढे निवृत्त झाले आणि त्याची जागा नागिओसवर आधारलेल्या यंत्रणेने घेतली. उपलब्धता आणि विश्वासार्हता यांच्या व्याख्या मात्र तशाच पुढे चालल्या. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा करताना सर्नचे तत्कालीन महासंचालक रोल्फ-डीटर हॉयर यांनी त्वरक आणि शोधकयंत्रे यांच्या बरोबरीने ग्रिडच्या कामगिरीचाही उल्लेख केला. त्या उल्लेखात ट्रॉम्बेत लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरचाही वाटा होता.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या अकरा सर्व्हर आहेत आणि त्यांचे पान मी एका विद्यार्थिनीच्या मदतीने लिहिले आहे. ते या अकरांपैकी एकाही यंत्रावर चालत नाही. चाचणीचे काम दर वेळी आळीपाळीने निराळ्या यंत्रावर पाठवले जाते. प्रत्येक ठिपक्याखाली शेवटचे वाचन केव्हा घेतले ती वेळ छापलेली असते, आणि वाचन दहा मिनिटांहून जुने झाले की ठिपका हिरवा वा लाल न राहता करडा होतो. पहिल्या आठवड्यात करडे ठिपके इतके दिसले, की सहकाऱ्यांनी पानच बिघडल्याची तक्रार केली. गेल्या सोमवारी सातव्या यंत्राचा ठिपका करडा झाला. विद्यार्थिनी खाली जाऊन पाहून आली. यंत्र उत्तम चालले होते, सफाई करताना जाळ्याची वायर तेवढी निसटली होती.